पाच आर्गन आणि एक राखणदारीण

माणूस कुठला, हे त्याच्या घरच्या तेलावरून ओळखायचं असतं, असं मानणारी एकच बाई मला आजवर भेटली. सौदीतल्या अल खर्जच्या शेतावर मी सुपरवायझर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी तिनं माझ्यापुढे रोटी आणि चहा ठेवला आणि नाव, गाव, पगार काहीही न विचारता पहिला प्रश्न टाकला, "तुझी आई जेवणात कुठलं तेल घालते?" मी म्हटलं, खोबरेल. खरं तर आमच्या घरी वर्षभर गोडेतेलच असतं, पण कोकणातल्या माणसाला परदेशात गेल्यावर उगाच नारळाचा पुळका येतो. तेवढ्यावर माझं बारसं झालं. नारळाला अरबीत 'जोज हिंद' म्हणतात. त्यातला जोज तिनं उचलला आणि पुढची सहा वर्षं मी त्या शेतावर जोज होतो. पाकिस्तानी ड्रायव्हर मोहरी होता आणि इजिप्तचा स्टोअरकीपर सरकी. सरकी म्हटल्याचा त्याला भयंकर राग यायचा, पण ताट तिच्या हातून यायचं, त्यामुळे तो राग भाताबरोबर गिळायचा.

ती शेतावरच्या घरात स्वयंपाकीण होती. मोरोक्कोच्या दक्षिणेकडच्या डोंगरातली. तिच्या लोकांना पुस्तकांत बर्बर म्हणतात, पण तो शब्द तिला खपत नसे. "अमाझिग म्हण," ती सांगायची, आणि मी नीट म्हणेपर्यंत वाढायची नाही. वय साठीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, आवाज मात्र विहिरीच्या पंपावर मात करणारा. हज केलेली होती, म्हणून सगळे तिला हाज्जा म्हणत. झाडांशी ती तिच्या बोलीत बोलायची, माणसांशी अरबीत आणि बकऱ्यांशी हिंदीत. बकऱ्या राखणारा राजस्थानी होता आणि बकऱ्यांना तेवढंच समजतं असा तिचा समज होता. खरं सांगायचं तर तो समज चूक नव्हता.

आमचं सूत जुळलं ते कोकमामुळे. एकदा बोलता बोलता मी तिला सांगितलं की आमच्याकडे कोकमाच्या बिया कुटून उकळतात, वर आलेला तवंग काढतात आणि थंड होताना मुठीत दाबून त्याचा गोळा करतात. मुठीचा आकार येतो, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. हिवाळ्यात आई ते आमच्या टाचांना चोळायची. हाज्जा हातातलं काम टाकून ऐकत राहिली. मग परातीतला कणकेचा गोळा माझ्या हातात देऊन म्हणाली, दाखव. मी मूठ दाबून दाखवली. बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा तिनं उलटसुलट करून पाहिला आणि तिचं समाधान झालेलं दिसलं. तिच्या गावी बिया भाजून जात्यावर दळतात आणि तो लगदा कोमट पाण्याचे शिपके मारत हातानं मळत राहतात. अर्धा तास, तास. मग अचानक बोटांतून तेल पाझरतं आणि हातात पेंडीचा घट्ट गोळा उरतो. तुमच्यात तेल मुठीत राहतं, आमच्यात मुठीतून पळतं, एवढाच फरक, असं म्हणून तिनं विषय संपवला. त्या दिवसापासून मला चहात साखर न मागता जास्त मिळू लागली.

ते तेल आर्गनचं. घराच्या मागे, विहिरीच्या बाजूला, पाच काटेरी झाडं होती. मी आलो तेव्हा ती मला रानबोरी वाटली होती. शेतीचं शिकलेला माणूस, पण आर्गन कधी पाहिलं नव्हतं. नंतर चाळाचाळ केल्यावर कळलं की हे चिकूच्या भावकीतलं झाड. फळ ऑलिव्हपेक्षा थोडं मोठं, हिरवं, पिकलं की पिवळं, मग सुकून तपकिरी. आत इतकी टणक बी की हातोडीही बिचकावी. ती फोडायला हाज्जाकडे दोन दगड होते. पाय पसरून बसायची, खालच्या दगडावर बी उभी धरायची आणि वरच्या लहान दगडाचा एकच टोला नेमक्या शिवणीवर हाणायची. तिच्या गावाकडून कुणी मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला आलं की बियांची पिशवी आणायचं. मग दोन-तीन दुपारी घरामागून टक टक असा आवाज येत राहायचा आणि तेवढे दिवस आमच्या जेवणात मीठ कमी-जास्त व्हायचं.

स्वतःच्या पाच झाडांनी मात्र तिला बरीच वर्षं काही दिलं नव्हतं. गावाहून निघताना झग्याच्या शिवणीत बिया लपवून तिनं त्या आणल्या होत्या. पहिल्या माळ्यानं कुंडीत रोपं करून लावली, ती मेली, कारण याचं सोटमूळ एकदा दुखावलं की झाड मान टाकतं. मग तिनं थेट जमिनीत बिया टोचल्या आणि तांदूळ धुतलेल्या पाण्यावर ती वाढवली. फुलं यायची, गळायची. तरीही दरवर्षी मे महिना लागला की ती त्या पाच झाडांभोवती काथ्याची दोरी बांधायची, दोरीला लाल चिंधी लावायची आणि जाहीर करायची की झाडं बंद.

ही तिच्या गावची रीत. फळं पिकायच्या सुमारास सगळं रान बंद होतं. माणूस जात नाही, बकरी जात नाही, आपल्या हक्काच्या झाडालाही कुणी हात लावत नाही. फळ झाडावरून काढायचं नाही, काठीनं झोडायचं नाही. ते सुकून आपणहून खाली पडायचं. मग एक दिवस ठरतो आणि सगळ्या बायका एकदम रानात शिरतात, म्हणजे कुणी कुणाच्या आधी वेचलं असं व्हायला नको. हाज्जा दोरीबाहेर उभी राहून झाडांकडे बघत एकच वाक्य म्हणायची, ते मला पाठ झालं होतं. "आधी पड, मग बोलू."

मी एकदा तिला छेडलं. गावात ठीक आहे, तिथे शंभर बायका असतील. इथे तू एकटी, झाडं पाच, फळ एक नाही. बंद कुणासाठी करतेस? तिनं फार विचार न करता सांगितलं, "आधी माझ्यासाठी."

म्हाताऱ्या कफीलनंही ही दोरी ओलांडली नव्हती. ज्याच्या नावावर आम्हा सगळ्यांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, ज्याच्या नावावर जमीन आणि विहीर, तो माणूस एकदा रियाधहून पाहुणे घेऊन आला आणि मोरोक्कोची झाडं दाखवतो म्हणून त्यांना मागे घेऊन गेला. हाज्जा हातात पळी घेऊन दोरीपाशी उभी. झाडं बंद आहेत, म्हणाली. आम्ही श्वास रोखून बघत होतो. कफीलनं दाढीवरून हात फिरवला आणि पाहुण्यांना दोरीबाहेरूनच झाडांची माहिती दिली. जाताना तो त्यांना सांगत होता, "आमच्याकडे या दिवसांत बंद असतं," आणि त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता.

एवढा हट्ट कशासाठी, हे मला चौथ्या वर्षी कळलं. त्या वर्षी पहिल्यांदा फळं धरली. खूप नाहीत, पण पाचही झाडांवर. हाज्जा दिवसातून दहा वेळा दोरीपाशी जाऊन यायची आणि एका दुपारी बी फोडता फोडता, माझ्याकडे न बघता, तिनं सगळं सांगितलं. तिच्या गावात जमीन सरकारची, पण कुठल्या झाडाखाली कुठल्या घरानं वेचायचं, हे पिढ्यांपासून ठरलेलं. तिचा नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. झाडांचा हक्क दिरांकडे गेला. वेचणी झाली की बायका जमतात, फोडायला बसतात, प्रत्येक बाई आपापल्या झाडांबद्दल बोलते. हाज्जाला कुणी हाकललं नाही. फक्त तिच्याजवळ बोलायला काही नव्हतं. दोन वर्षं ती दुसऱ्यांच्या बिया फोडत गप्प बसली, मग इथे चुलीपाशी काम मिळतंय म्हटल्यावर निघाली. "तिकडे माझं एकही झाड नाही, जोज," ती म्हणाली. "आणि इथे पाच आहेत."

मी पण एक बी फोडायला घेतली आणि अंगठा चेचून घेतला.

त्याच उन्हाळ्यात म्हातारा कफील अंथरुणाला खिळला आणि त्याचा धाकटा मुलगा शेताचा कारभार बघू लागला. आम्ही त्याला छोटा कफील म्हणायचो. मुलगा वाईट नव्हता. बाहेर शिकून आला होता, सगळीकडे टॅब्लेट घेऊन फिरायचा. त्याला पंपासाठी सोलर पॅनल बसवायचे होते आणि विहिरीजवळची सपाट जागा म्हणजे नेमकी हाज्जाची झाडं. हाज्जा त्याच्याकडे गेली. इतक्या वर्षांत तिनं त्या घराकडे काही मागितलं नव्हतं. तो म्हणाला, इतकी वर्षं या काट्यांनी काय दिलं? ती म्हणाली, यंदा फळ आहे. मग त्यानं व्यवहाराची अट घातली. उन्हाळा संपेपर्यंत माझ्या टेबलावर तेलाची एक बाटली दिसली, तर पॅनल दुसरीकडे. नाही दिसली, तर जेसीबी. हाज्जानं लगेच कबूल केलं. बाटली भरेल इतकी फळं झाडांवर दिसत होती.

आणि इथे मी आलो.

जूनच्या शेवटी कफीलच्या घरातल्या एका लग्नासाठी हाज्जाला तीन दिवस रियाधला नेलं. जाताना ती मला म्हणाली, झाडं बंद आहेत, लक्ष ठेव. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर धुळीच्या वादळाचा इशारा आला. मी झाडांकडे पाहिलं. फळं पिवळसर व्हायला लागली होती. वाऱ्यानं सगळी उडून गेली तर बाटली नाही, बाटली नाही तर जेसीबी. माझ्या डोक्यात आमच्या बागेतला आंबा उभा राहिला. आमच्याकडे खाली पडलेला आंबा म्हणजे वाया गेलेला आंबा. तयार झाला की देठासकट झेल्यानं अलगद काढायचा आणि गवताच्या अढीत पिकवायचा, हे मी चालायला लागल्यापासून बघत आलोय. शिवाय हे चिकूच्या भावकीतलं झाड आणि चिकू तर झाडावरून कच्चाच काढतात. सगळं कसं शास्त्राला धरून होतं. जुम्म्याची नमाज पढून आलो, खजुराच्या लांब काठीला कांद्याच्या पोत्याची जाळी बांधून झकास झेला केला, दोरीखालून वाकून आत शिरलो आणि संध्याकाळपर्यंत पाचही झाडं उतरवली. एक फळ खाली पडू दिलं नाही. हातभर चीक लागला होता, काट्यांनी ओरबाडलं होतं, पण मी खूश होतो. स्टोअरमध्ये सुक्या चाऱ्याची मऊ अढी घातली, त्यात फळं एकेक करून मांडली आणि आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलीसुद्धा. आईनं विचारलं, बाईला विचारलंस का? मी म्हटलं, तिला खुशी होईल.

हाज्जा परत आली ती गाडीतून उतरून प्रवासाच्या अबायातच मागे गेली. मी मागोमाग. ती मान वर करून पाचही झाडं बघत उभी राहिली.

"वादळ आलं होतं?"

"नाही," मी म्हटलं. "फिरकलंच नाही."

तिला मी स्टोअरमध्ये नेलं. चारा बाजूला करून तिनं एक फळ उचललं, नखानं दाबलं. पांढरा चीक आला. आणखी एक उचललं, दोन दगडांनी फोडलं, कवचाआतली बी हातावर घेऊन मला दाखवली. पातळ, पाणचट, पापुद्र्यासारखी. अजून महिनाभर तरी ती झाडावर भरत राहिली असती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती चाऱ्याच्या गठ्ठ्यावर बसली आणि तो चीक बोटांवर चोळत राहिली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी गडबडीनं उपाय सुचवला. रियाधच्या मॉलमध्ये आर्गनचं तेल मिळतं. मी विकत आणतो, आपण साध्या बाटलीत ओतू, छोट्या कफीलला काय कळतंय. तिनं माझ्याकडे पाहिलं. "ते कुणाच्या तरी झाडाचं आहे," ती म्हणाली.

मग ती उठली ती वेगळीच बाई होऊन. बंद रानात हात घालणाऱ्याला गावात दंड असतो, तुलाही भरावा लागेल, असं तिनं मला बजावलं. मी खिशाकडे हात नेला तर म्हणाली, पैसे नाहीत, गावजेवण. आणि काढलेल्या फळांचा फायदा कुणालाच होता कामा नये. तिनं त्याच दिवशी माझी ती सुरेख अढी बकऱ्यांपुढे नेऊन ओतायला लावली. बकऱ्यांना हिंदीत "खाओ" म्हणून सांगितलं. मी खालमानेनं उभा होतो.

गुरुवारी संध्याकाळी मी शेतावरच्या सगळ्यांसाठी मटणाची सागोती आणि वडे केले. हाज्जा खुर्ची टाकून बसली, काडीची मदत केली नाही. फक्त एक फोन केला. छोट्या कफीलला म्हणाली, आज हिंदी जेवण आहे, ये. तो लहानपणी तिच्या हातचं खाऊन वाढलेला, तो आला. मोहरी, सरकी, राजस्थानी, सगळ्यांच्या पंगतीत मांडी घालून बसला. सागोती त्याला आवडली असावी, कारण तो घाम पुसत तिसऱ्यांदा वाढून घेत होता. तेव्हा हाज्जा उठून उभी राहिली.

तिनं झाला प्रकार सगळ्यांना सांगितला. झाडं बंद होती. या माणसानं फळं काढली. राखण माझी होती आणि मी जागेवर नव्हते, म्हणून चूक माझीही. हे त्या दंडाचं जेवण. आणि आता निकाल. फळ आपणहून पडेपर्यंत, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, ही झाडं बंद. माणसाला, बकरीला आणि यंत्राला. आमच्यात जो दंडाचं जेवण जेवला, त्यानं निकाल मानला.

छोट्या कफीलचा हात ताटातच राहिला. "हाज्जा, ही फसवणूक आहे," तो म्हणाला.

"तू जेवलास," ती म्हणाली.

हा कायदा खरंच तिच्या गावचा होता की तिनं चाऱ्याच्या गठ्ठ्यावर बसून रचला होता, मला आजही माहीत नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ती दुसरंच काही बोलली. छोटा कफील थोडा वेळ आपल्या तेलकट बोटांकडे बघत बसला. मग तो हसायला लागला आणि त्यानं मला विचारलं, वडे उरलेत का. दुसऱ्या आठवड्यात पॅनलवाल्यांनी बकऱ्यांच्या गोठ्यापलीकडे खुणा केल्या.

गोष्ट इथे संपली असती तर सगळंच गोड झालं असतं. पण हिवाळ्यात म्हातारा कफील गेला. घरच्या मंडळींनी शेतावर राहणं सोडलं, मागचं स्वयंपाकघर बंद केलं. हाज्जाचे गुडघे आता उठू देत नव्हते. तिचा इकामा पुढे वाढवायचा नाही असं ठरलं आणि एप्रिलमध्ये तिचा खुरूज लागला, म्हणजे कायमचा परतीचा शिक्का. झाडांवर फळं होती, आदल्या वर्षीपेक्षा जास्त, पण हिरवीगार. तिला हवी होती ती बाटली तीन महिने लांब होती.

निघायच्या सकाळी मी म्हटलं, निदान एक फळ ने, दाखवायला. ती म्हणाली, "नाही. पडलेलं नाही." मग तिनं मला समजावलं की कॅलेंडर बघू नकोस, वादळाचा मेसेज बघू नकोस. ज्या सकाळी झाडाखाली पाय टाकायला जागा राहणार नाही, त्या सकाळी वेच. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा ती समोर बघत होती. रडलो मी. मोहरीनं गाडी चालवता चालवता आरशात ते पाहिलं आणि नंतर सगळ्यांना सांगितलं.

त्या उन्हाळ्यात मी काहीही केलं नाही, आणि शेतकी शिकलेल्या माणसाला काहीही न करणं किती जड जातं, हे मला तेव्हा कळलं. दोनदा वारा सुटला. बुलबुल येऊन टोचून गेले. फळं पिवळी झाली, सुरकुतली, तपकिरी झाली आणि जुलैमध्ये एकेक करून टपकायला लागली. ऑगस्टमधल्या एका सकाळी मला खरंच पाय टाकायला जागा सापडेना. वेचलं, वाळवलं, सोललं. रोज दुपारी दोन तास दगड घेऊन बसलो, अंगठ्याचं नख काळंनिळं करून घेतलं. भाजलं, दळलं. लगदा मळत बसलो तेव्हा पहिला पाऊण तास काहीच होईना. पाणी जास्त झालं, की कमी, की मुळातच माझ्या हाताला हे जमणार नाही, असं वाटायला लागलं. आणि मग बोटांच्या बेचक्यांतून ते उतरलं. खोकल्याच्या औषधाची एक बाटली भरली. हाज्जाची भाची उमऱ्याला आली होती. मी सुट्टी टाकून मक्केला गेलो आणि बाटली तिच्या हातात दिली.

दीड महिना काही कळलं नाही. मग एके दिवशी तिचा व्हॉइस मेसेज आला. आवाज तोच, पंपावर मात करणारा. माझ्यासाठी ती सावकाश, सोप्या अरबीत बोलत होती. मागे टक टक ऐकू येत होतं. ती म्हणाली, इथे आम्ही फोडायला बसलोय, मी तुझी बाटली मधोमध ठेवली. बायकांनी बोट बुडवून चाखलं. कुणाच्या झाडांचं, असं विचारायला लागल्या. मी म्हटलं, माझ्या. पाच आहेत, सौदीत, राखणदार हिंदी आहे. मग त्या सगळ्या विचारतच राहिल्या, माती कशी, पाणी किती, फळ कधी पडतं. दुपार झाली तरी मी बोलतेच आहे.

मग एक बी फोडल्याचा आवाज आला.

"भाजताना विस्तव मोठा ठेवलास," ती म्हणाली. "तेल करपलंय. पण माझं आहे."